मुखवट्याआधीचा नट

चित्रपट पडद्यावर येण्याआधीच प्रेक्षकाच्या मनात तो बराचसा उभा राहिलेला असतो. भूमिका कोण करणार, त्याने आजवर काय केले, हे त्याला पेलेल का, याची चर्चा महिनोन्‌महिने रंगते. या चर्चेतूनही चित्रपटाचा अर्थ घडत जातो, म्हणूनच ती अभ्यासाचा विषय ठरते. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी ‘स्टार्स’ (१९७९) या ग्रंथात त्या अभ्यासाची चौकट बांधली. नटाची प्रतिमा चित्रपट, जाहिरात, प्रसिद्धी आणि समीक्षा अशा चारही वाटांनी घडते, हे त्यांनी दाखवून दिले.

या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याने मायकल कीटनपासून सुरुवात करावी. ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’मुळे विनोदी नट म्हणून ओळखला जाणारा कीटन बॅटमॅन होणार, हे कळताच चाहते खवळले आणि वॉर्नर ब्रदर्सकडे हजारो निषेधपत्रे गेली. दिग्दर्शक टिम बर्टन मात्र ठाम होता. धिप्पाड पुरुषाला वटवाघळाचा वेश चढवण्याची गरजच काय? चारचौघांसारखी देहयष्टी असलेल्यालाच ती भासेल, असा त्याचा विचार होता. १९८९ साली चित्रपट आला आणि तुफान चालला. त्यातला बॅटमॅन जरा निरखून पाहावा. मुखवट्याबाहेर उरतात ते फक्त डोळे, ओठ आणि हनुवटी. रबरी पोशाखात मान वळत नसल्यामुळे कीटन कमरेपासून सगळे अंगच वळवतो, आणि त्या अडचणीतूनच बॅटमॅनला त्याची करारी ढब मिळते.

‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) नंतर कीटनने पुढचा बॅटमॅन नाकारला. म्हणूनच अलेहान्द्रो इन्यारितूच्या ‘बर्डमॅन’मध्ये (२०१४) एकेकाळच्या सुपरहिरोची भूमिका कीटन करणार, या बातमीतच अर्ध्या कथेचा ऐवज होता. या चित्रपटात कोणी जगाला वाचवत नाही. रिगन थॉमसन हा उतरत्या काळातला नट रेमंड कार्व्हरच्या कथेवरचे नाटक ब्रॉडवेवर उभे करायला धडपडतो आहे आणि त्याने एकेकाळी साकारलेल्या बर्डमॅन या सुपरहिरोचा घोगरा आवाज त्याचा पिच्छा सोडत नाही. पहिल्याच दृश्यात तो जुनाट मेकअपच्या खोलीत, नुसत्या चड्डीवर, आपल्याकडे पाठ करून मांडी घालून बसलेला दिसतो. फक्त जमिनीपासून दोन-तीन हात वर. त्या पाठीकडे पाहताना पंचवीस वर्षांपूर्वीचा काळा पोशाख ज्याला आठवतो, त्याला हे दृश्य अधिक काही सांगते. हे ‘अधिक’ नेमके कुठून येते, हाच या अभ्यासशाखेचा मूळ प्रश्न आहे.

इथे नवख्याने एक पथ्य पाळावे. रिगन म्हणजेच कीटन, असे समीकरण मांडायचा मोह फार होतो. कीटन स्वतः मात्र या पात्राशी आपले फारसे साम्य नसल्याचे सांगत आला आहे. आपण अभ्यासतो ती लोकांच्या मनातली प्रतिमा. त्या माणसाचे खासगी आयुष्य आपल्या कक्षेबाहेरचे. पुढे ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’मध्ये (२०१७) तो पंख लावलेला खलनायक झाला आणि २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये पुन्हा बॅटमॅन. अशी प्रत्येक निवड आधीच्या भूमिकांना नव्याने उजाळा देते. त्यामुळे भूमिकांची नुसती यादी करून भागत नाही, त्यांचा क्रम वाचावा लागतो.

हे क्षेत्र सर्वांना खुले आहे. त्यासाठी चित्रपट पुन्हा पाहण्याची चिकाटी हवी, आणि प्रदर्शनापूर्वीच्या जाहिराती, मुलाखती नि परीक्षणे तारीखवार लावण्याची शिस्त हवी. मराठी वाचकाला तर घरचेच उदाहरण हाताशी आहे. विनोदाचा बादशहा मानल्या गेलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ साली जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये गंभीर भूमिका केली. त्या वेळी प्रेक्षक कोणती अपेक्षा घेऊन आत गेला आणि काय घेऊन बाहेर पडला, याचा शोध घ्यायला जुनी वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके धुंडाळावी लागतील. हे काम आपल्यातल्याच कोणीतरी हाती घ्यावे, अशी मनापासून विनंती आहे.