पावलंच नसतील तर मोजायचं काय?

तुमच्या मोबाइलमध्ये रोजचं लक्ष्य बहुधा १०,००० पावलांचं असेल. हा आकडा आला कुठून? एखाद्या मोठ्या वैद्यकीय प्रयोगातून आला असेल असं मलाही आधी वाटायचं. तसं नाही. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक झालं, जपानभर व्यायामाची हवा तयार झाली आणि १९६५ मध्ये तिथल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र बाजारात आणलं: 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. आधी नाव रूढ झालं, पावलांवरचं संशोधन बरंच नंतर आलं.

आता गंमत बघा. त्याच टोकियोत, १९६४ च्याच नोव्हेंबरमध्ये व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. म्हणजे व्यायाम करणारी पण पाऊल न टाकणारी माणसं त्या शहराने नुकतीच पाहिली होती. त्यांचा व्यायाम मोजणारं यंत्र सर्वसामान्य बाजारात यायला मात्र पुढे पन्नासेक वर्षं गेली. मज्जारज्जूच्या इजेनंतर व्यायामाला प्रवृत्त करणारी अ‍ॅप्स हा विषय वाचायला घेतलात, तर सुरुवात या पन्नास वर्षांपासून करा असं मी सुचवेन.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जू तुटलेला माणूस सहसा फार जगत नसे. जीव जायचा तो मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि पडून पडून झालेल्या जखमांनी, म्हणजे बेडसोर्सने. १९१७ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या लुडविग गुटमान नावाच्या मुलाने असाच एक खाणकामगार पाहिला. पाठ मोडलेला, एरवी धडधाकट. पाच आठवड्यांत तो गेला. गुटमान पुढे न्यूरॉलॉजिस्ट झाले; ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये त्यांना देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथला मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग त्यांच्याकडे आला.

त्यांनी सर्वांत आधी काय केलं, तर दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. आणि ते होतंय का, हे बघायला स्वतः वॉर्डात यायचं. त्यानंतर आला खेळ. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच, १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात झाली. तिरंदाजीच का? तिने खांदे आणि धड मजबूत होतं, आणि बसून मारलेला बाण उभ्याने मारलेल्या बाणाइतकाच लांब जातो. करमणूक म्हणून नव्हे, उपचार म्हणून खेळ. पुढे यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करात बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण घेऊन आले. (ती स्पर्धा गुटमान यांना सोडाव्या लागलेल्या जर्मनीतच झाली होती.)

असो. मुद्दा मोजण्याचा.

शरीरशास्त्राची पुस्तकं विश्रांतीतल्या माणसाचा ऑक्सिजनचा वापर दर किलोला, दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर धरतात. यालाच एक 'मेट' म्हणतात. फोनमधले कॅलरीचे बरेचसे हिशेब याच पायावर उभे असतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मज्जारज्जूची इजा असलेल्यांसाठी हा आकडा २.७ च्या आसपास निघाला, कारण निकामी स्नायू कमी ऊर्जा खातात. हृदयाच्या ठोक्यांचंही तसंच. मानेच्या पातळीवर इजा असेल तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसांचा मेंदूशी संबंधच तुटतो; पूर्ण जोर लावूनही ठोके बऱ्याचदा १२०-१३० च्या पुढे जात नाहीत. '२२० वजा वय' हे सूत्र वापरणारं अ‍ॅप अशा घामाघूम माणसाला सांगणार, 'अजून जोर लावा'!

२०१६ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळात व्हीलचेअरची सोय आली: पावलांऐवजी हाताचे रेटे मोजायचे आणि 'उभे राहा' ऐवजी 'जरा फिरून या' सुचवायचं. तरीही प्रश्न संपत नाही. मनगटावरच्या सेन्सरला हातवारे करून गप्पा मारणं आणि चाक रेटणं वेगळं ओळखावं लागतं. चाकावर सेन्सर लावला, तर मागून भाऊ खुर्ची ढकलत असला तरी तो मोजतच राहतो. जागेवर बसून सावकाश उचललेलं डंबेल तर दोघांनाही फारसं कळत नाही. म्हणून काही संशोधक मनगट आणि चाक दोन्हींकडे सेन्सर लावतात.

किती व्यायाम करायचा, हे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे: तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम, शिवाय दोनदा ताकदीचा व्यायाम. हृदय आणि चयापचयासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं. ऐकायला थोडंच वाटतं ना? पण रॅम्प नसलेली जिम, खांद्याची दुखणी आणि 'पडलो तर?' ही भीती त्यात धरा.

इथे कोचिंग येतं. कॅनडात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फक्त २८ जण होते. निम्म्यांशी आठ आठवडे दर आठवड्याला साधारण १५ मिनिटं बोलायचं: कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करायचं. त्यांचा व्यायाम वाढला. त्यांनी सांगितलेल्या मिनिटांतही आणि सेन्सरच्या नोंदीतही. आता अ‍ॅप आणि कोच दोन्ही एकदम देणारे अभ्यास निघत आहेत, आणि गोची तिथेच आहे. फरक पडला तर तो स्क्रीनमुळे, की 'परवा पाऊस होता, मग काय केलंत?' असं विचारणाऱ्या माणसामुळे? दोन गटांच्या रचनेत हे सुटं करता येत नाही. फक्त अ‍ॅप, फक्त कोच, दोन्ही आणि काहीच नाही, असे चार गट लागतात. आणि २८ माणसं जमवतानाच घाम फुटतो, तिथे चार गट कुठून भरायचे?

मी सध्या असे पेपर वाचताना वहीत दोन रकाने आखते. सेन्सर नक्की काय मोजत होता, आणि फोन कोण करत होतं. दुसरा रकाना भरायला पद्धतीचा विभाग दोन-दोनदा वाचावा लागतो.