निकालपत्रातील मुलगी

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजचे पोलीस ठाणे. चौदा ते सोळा वर्षांची, मोलमजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीसंबंधी जबाब देण्यासाठी रात्री तिथे आली होती. जबाब झाल्यावर तिला थांबवून घेण्यात आले. ठाण्यातीलच पोलिसाने आपल्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद होती. खटला तिच्या नावाने देशभर ओळखला गेला. ते नाव येथे मुद्दामच लिहीत नाही.

या खटल्याची तीन निकालपत्रे साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. घटना एकच, निवेदक तीन. १९७४ च्या सत्र न्यायालयाच्या कथनात ही मुलगी खोटारडी आणि शरीरसंबंधांना सरावलेली ठरते, आरोपी सुटतात. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ विचारते की, रात्री ठाण्यात, वर्दीतल्या परक्या पुरुषांसमोर हतबल होणे म्हणजे संमती कशी? आरोपींना शिक्षा होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालय ती रद्द करते. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही आणि म्हणून बळजबरीही नाही, असा त्या निकालाचा ओघ आहे. मुलीचे मौनच तिच्याविरुद्धचा साक्षीदार बनले.

येथे आपल्या शब्दाकडेही पाहावे लागते. जुन्या मराठीत 'बलात्काराने' म्हणजे नुसते 'जबरदस्तीने'. शब्दातच 'बल' आहे, म्हणून ऐकणारा आपसूक बळाच्या खुणा शोधू लागतो. वास्तविक १८६० च्या दंडसंहितेच्या व्याख्येचा गाभा बळ नव्हता. तिच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीशिवाय, असेच तिथे म्हटले होते. आणि 'अब्रू लुटली' हा वाक्प्रचार तर त्याहून घातक, कारण त्यात गेले ते तिचे. करणाऱ्याची अब्रू जागच्या जागी. वर्गात हे बोललो की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "पण सर, ती ओरडली का नाही?" प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नसतो, हेच अधिक अस्वस्थ करते.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघा कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच गृहीत धरायचे. तरीही फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य सरसकट वाईट आहे, असे दाखवण्याची आरोपीला मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातील कलम २००३ पर्यंत टिकले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणजे संमती ठरत नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ उजाडले. आणि स्त्री 'सरावलेली' आहे का, हे ठरवणारी 'दोन बोटांची चाचणी' करणारा यापुढे गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही बजावावे लागले.