भाड्याची तलवार आणि सरकारचा घोडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुट्टीच्या दिवशी मुले संगणकावर मध्ययुगीन लढायांचे खेळ खेळत बसतात. त्यातला एक प्रकार भाडोत्री सैनिकांचा. खेळणारा हा टोळीचा नायक. त्याने मोहरा मिळवायच्या, माणसे नेमायची, त्यांचा पगार आणि दाणागोटा सांभाळायचा आणि जो पैसे मोजेल त्याच्यासाठी लढायचे. थैली रिकामी झाली की माणसे निघून जातात. मुलांना हा खेळ वाटतो. पण इतिहासात भल्याभल्या राज्यकर्त्यांना हा हिशेब जमलेला नाही. इटलीतील शहरराज्ये शेकडो वर्षे अशाच टोळ्यांवर विसंबून राहिली. भाड्याचे सैन्य शांततेत आपल्यालाच लुटते आणि युद्धात पळून जाते, अशी तक्रार मॅकियाव्हेलीने १५१३च्या सुमारास लिहून ठेवली आहे.

सतराव्या शतकात हाच प्रश्न आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरातही उभा होता. महाड तालुक्यातील तळीये हे गाव २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा महाराष्ट्रभर माहीत झाले. या भागातील डोंगर किती उभे आणि पाऊस किती कोसळणारा, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. अशा उतारावरची भात-नाचणी घराला वर्षभर पुरत नाही. म्हणून दसऱ्यानंतर तलवार घेऊन कुणाच्या तरी चाकरीत जाणे, हा इथला जुना रोजगार होता.

ही चाकरी निजामशाहीची असो वा आदिलशाहीची, शिपायाचा धनी सुलतान नसे. त्याला पोसणारा सरदार हाच त्याचा धनी. सरदार फिरला की फौजही फिरे. स्वतः शहाजीराजांनी निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही दरबारांची चाकरी केली होती. त्या काळी त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

१६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली. प्रदेशाबरोबर माणसेही मिळाली. काल समोर लढलेली ही माणसे उद्या आपल्यासाठी लढतील, याची खात्री काय? महाराजांचे उत्तर त्यांच्या घोडदळाच्या रचनेत सापडते.

घोडेस्वार दोन प्रकारचे असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. फरक छोटा वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे भांडवल. घोडा मेला तर पोट बुडाले. त्यामुळे ऐन लढाईत तो घोडा वाचवायला बघणार. शिवाय घोडा त्याचाच असल्याने न पटल्यास तो घेऊन दुसऱ्या दरबारी जाणेही सोपे. बारगिराला या दोन्ही वाटा नव्हत्या. सभासदाची बखर सांगते, की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांनाही पागेच्या अमलाखाली ठेवले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी ती उतरंड होती. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. लूट सरकारजमा करायची आणि पगार सरकारातून घ्यायचा.

पगार नीट मिळाला नाही, तर तोच शिपाई रयतेच्या घरात शिरतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, तुम्ही कुणब्यांचे धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणाल आणि लोक गाव सोडतील, असा त्याचा आशय आहे.

या व्यवस्थेची कसोटी १६६५ मध्ये पुरंदरावर लागली. महाड परिसरातले मुरारबाजी देशपांडे पूर्वी मोऱ्यांच्या पदरी होते. त्यांचा पराक्रम पाहून दिलेरखानाने त्यांना मोगलांच्या चाकरीचे आमिष दाखवले. जुन्या रिवाजाप्रमाणे ते स्वीकारण्यात काही गैर नव्हते. मुरारबाजींनी ते झिडकारले आणि लढताना प्राण दिला. धनी एकदा बदललेला माणूस दुसऱ्यांदा बदलला नाही.

पुढे पेशवाईत भाडोत्री फौजा पुन्हा वाढल्या. १७६० मध्ये दिल्लीत सदाशिवरावभाऊंना फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवावे लागले. इब्राहिमखान गारदी पगारी सरदार; पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो अखेरपर्यंत लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. तेव्हा पगार घेणारा तो बेइमान, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी शिरले ते थकलेल्या पगाराचे निमित्त करून, आणि कोवळ्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे घरचेच कारस्थान होते. पण ते तडीस नेणारे हात भाड्याने मिळू शकले, हे विसरता येत नाही.

महाड तालुक्यातच फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. घरोघरी सैनिक, म्हणून गावाला हे नाव पडले. पहिल्या महायुद्धात इथली माणसे इंग्रजांच्या पगारावर परमुलखात लढली. त्यांना भाडोत्री म्हणायचे का? माझी जीभ वळत नाही. पगार त्यांनीही घेतला आणि मुरारबाजींनीही. पोटासाठी तलवार धरणाऱ्यात कमीपणा नसतो. वेळेवर पगार, पोटभर अन्न आणि लढण्याला काही अर्थ देणे, ही जबाबदारी धरायला लावणाऱ्याची असते. संगणकावरच्या खेळात यातल्या पहिल्या दोन गोष्टी मोहरांनी विकत घेता येतात. तिसरीसाठी तिथे कळ नाही.