व्याज परत करणारी बाई

१९६० सालच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या खजिनदाराला एका बाईंचे पत्र आले. सोबत ३,५७९ डॉलर आणि ३९ सेंटचा चेक होता. भुयारी रेल्वेच्या कामासाठी शहराने या बाईंच्या संस्थेचे घर ताब्यात घेतले होते. मोबदल्याची सगळी रक्कम मिळायला बराच काळ गेला, म्हणून तिच्यावर व्याज दिले गेले. बाईंनी घराची किंमत ठेवून घेतली आणि व्याज तेवढे परत पाठवले. व्याजाने पैसा देणे-घेणे आम्हाला मान्य नाही, आमच्या धर्माची जुनी शिकवण तशी आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

सरकारी तिजोरीतून हक्काने आलेला पैसा कोणी परत करते का? बरे, या बाई काही धनवान नव्हत्या. त्यांच्या दारात रोज भुकेल्या माणसांची रांग लागायची. त्या पैशांत कित्येक दिवसांचे सूप आणि पाव झाले असते. मग असे का केले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याला १९२९ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि अमेरिकेत महामंदी आली. १९३३ सालापर्यंत दर चार कामगारांपैकी एकजण बेकार झाला होता. हजारो बँका बुडाल्या. गहाण पडलेल्या शेतांचे लिलाव झाले. मक्याचा भाव इतका उतरला, की काही शेतकऱ्यांनी कोळशाऐवजी मकाच चुलीत घातला. त्याच वेळी शहरांत लोक पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभे होते. धान्य होते, हातही होते; पण हाताला काम नव्हते आणि धान्याला गिऱ्हाईक नव्हते. दारिद्र्य आभाळातून पडत नाही, ते माणसांच्या व्यवहारातून तयार होते, हे इतके उघडपणे क्वचितच दिसले असेल.

या काळात डोरोथी डे न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करत होत्या. जन्म १८९७ सालचा. तरुणपणी त्या समाजवादी वर्तमानपत्रांत लिहीत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१७ साली त्या तुरुंगातही जाऊन आल्या. मुलगी झाल्यानंतर, १९२७ च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. मुलीच्या वडिलांचा धर्मावर विश्वास नव्हता, ते दुरावले. जुन्या डाव्या मित्रांना हा निर्णय पटला नाही. आणि कष्टकऱ्यांच्या लढ्यात आपले नवे धर्मबंधू कुठे आहेत, हा प्रश्न डोरोथींना सोडत नव्हता.

१९३२ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला बेकारांचा मोर्चा निघाला होता. त्याचे वृत्त देऊन त्या घरी परतल्या, तेव्हा एक अनोळखी माणूस त्यांना भेटला. पीटर मॉरिन त्याचे नाव. फ्रान्समधल्या एका शेतकरी कुटुंबात १८७७ साली जन्मलेला, कॅनडा आणि अमेरिकेत मिळेल ती अंगमेहनत करून जगलेला. अंगावर चुरगळलेला सूट, खिशांत कोंबलेले कागद आणि पुस्तिका. गरिबीच्या कारणांवर तो तासन् तास बोलत असे. पूर्वी चर्चने व्याज हे पाप मानले होते; ते प्रतिष्ठित झाले आणि कष्टाशिवाय पैशाला पैसा फुटू लागला; मग माणसाची किंमत त्याच्या बँकेतल्या खात्यावरून ठरू लागली, असे त्याचे म्हणणे होते.

इतिहास त्याच्या बाजूने होता. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेने धर्मगुरूंना व्याज घेण्यास मनाई केली होती. ११७९ च्या लॅटरन परिषदेने तर उघडपणे सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती विधीने मूठमाती देऊ नये, असे ठरवले. व्याज हराम आहे, हे मुसलमान घरातल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडते, तसे ते माझ्याही पडले. त्यामुळे डोरोथी डे यांच्या त्या पत्राविषयी वाचले तेव्हा मला ते परके वाटले नाही. सावकारी म्हणजे काय, हे तर मराठी माणसाला वेगळे सांगायला नकोच.

अर्थात, एकट्या व्याजाने महामंदी आली असे कोणी म्हणणार नाही. पण उसन्या पैशाने घेतलेले शेअर आणि कर्जात बुडालेली शेते हे तिचे मोठे भाग होते. शिवाय, मजुरी न्याय्य असावी, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच बजावले होते. कागदावरची ही शिकवण रस्त्यावर आणायचे या दोघांनी ठरवले.

१ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये कामगारांची गर्दी होती. त्या गर्दीत ‘कॅथलिक वर्कर’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक विकला गेला. प्रती अडीच हजार, किंमत एक सेंट. वर्ष संपताना खप एक लाखाच्या घरात गेला. घर नसलेले लोक कचेरीच्या दारात येऊ लागले आणि त्यातून आतिथ्यगृहे सुरू झाली. १९३६ पर्यंत देशभर अशी ३३ घरे झाली.

या घरांची रीत साधी होती. काम करणाऱ्यांना पगार नाही. पाहुण्यांसाठी जे सूप, तेच त्यांनाही. कपडे देणगीत आलेले. याला ते ‘ऐच्छिक दारिद्र्य’ म्हणत. आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, फकिरी. गरिबी लादली जाते, फकिरी पत्करली जाते. डोरोथींनी या दोहोंत कधी गल्लत केली नाही. ढेकणांनी भरलेल्या खोल्या, थंडी, क्षणभरही न मिळणारा एकांत याचे त्यांनी गोडवे गायले नाहीत. दैन्य नष्ट झाले पाहिजे. आणि ते व्हायचे असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी कमीत भागवले पाहिजे, असे त्यांचे मत होते.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेता येतो. सूप वाटून गरिबी हटते का? डावे म्हणत, तुम्ही जखमेवर पट्टी बांधता आणि माणसाचा राग थंड करता. धर्मातले सनातनी म्हणत, ही बाई कम्युनिस्ट आहे. डोरोथींचे उत्तर त्यांच्या वागण्यात होते. १९४९ साली न्यूयॉर्कच्या कॅथलिक दफनभूमीत कबरी खोदणाऱ्या मजुरांनी संप केला. समोर मालक म्हणून खुद्द कार्डिनल होते. डोरोथी मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. सूप देणारा हात मजुरीचा प्रश्नही विचारू शकतो, हे त्यांनी दाखवले.

१९५६ सालची एक हकिकत मला कवी म्हणून विशेष आवडते. आगीपासून सुरक्षित नाही म्हणून त्यांच्या घराला २५० डॉलर दंड झाला होता. त्या कोर्टात निघाल्या, तेव्हा दाराशी गरजूंचा घोळका होता. त्यातल्या एका गबाळ्या माणसाने त्यांच्या हातात एक चेक ठेवला. तोही मदतीसाठी आलेल्यांपैकीच असेल, असे त्यांना वाटले. नंतर चेक नीट पाहिला, तर रक्कम बरोबर २५० डॉलर आणि सही प्रसिद्ध कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांची! देणारा आणि मागणारा वेगळा ओळखू येत नव्हता. त्या घराची याहून चांगली ओळख कोणती?

सगळेच काही जमले नाही. मॉरिनच्या कल्पनेतल्या सामुदायिक शेतीचे प्रयोग भांडणांपायी फसले. दुसऱ्या महायुद्धात डोरोथींनी अहिंसेची भूमिका सोडली नाही, तेव्हा वर्तमानपत्राचा खप घसरला आणि बरीच घरे बंद पडली. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली, त्या वेळी या कॅथलिक बाईंनी आपल्या पत्रात त्यांच्यावर आदराने लेख लिहिला. कमीत कमी गरजांत जगणे आणि हिंसेला नकार देणे यांचा संबंध दोघांनाही दिसला होता.

मग ते व्याज का परत केले? मला वाटते, गरिबांना आपण किती देतो याचा हिशेब बरेच जण ठेवतात. गरिबी निर्माण करणाऱ्या व्यवहारातून आपण किती घेतो, याचा हिशेब फार थोडे ठेवतात. डोरोथी तो ठेवत होत्या. एका हाताने गळफास आवळायचा आणि दुसऱ्या हाताने पाणी पाजायचे, हे त्यांना नको होते. ही गोष्ट मी माझ्या समाजालाही लावून पाहतो. व्याजाला हात न लावणारा माणूस जेव्हा मजुराची मजुरी महिनोन् महिने थकवतो, तेव्हा त्याने व्याजच खाल्लेले असते. फक्त त्याचे नाव वेगळे असते. मग रमजानमध्ये त्याने कितीही जकात काढली, तरी त्या मजुराचे देणे तसेच राहते.

पीटर मॉरिन १९४९ साली वारले. त्यांना दुसऱ्याने दिलेल्या सुटात, दुसऱ्याने दिलेल्या कबरीत पुरले. डोरोथी ७५ वर्षांच्या असताना, १९७३ साली, कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या लढ्यात अखेरच्या तुरुंगात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमधल्या अशाच एका आतिथ्यगृहात त्यांनी डोळे मिटले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या संसदेत भाषण करताना त्यांचे नाव आदराने घेतले. न्यूयॉर्कमधले ते घर आजही चालू आहे, कारण दाराशी येणारी माणसे आजही आहेत. गरिबी का आहे, हा डोरोथींचा प्रश्नही अजून मिटलेला नाही.