कापूस वऱ्हाडचा, कोट ब्रॅडफर्डचा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘उमरा’ नावाची एक प्रत विकली जात असे. हे नाव ‘उमरावती’वरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून पडलेले. वऱ्हाड-खानदेशचा बहुतेक कापूस याच नावाने ओळखला जाई. ज्या शहराच्या नावाने कापसाची प्रत ठरली, त्याच शहरातील वकिलाला कोट शिवायचा झाला तर कापड इंग्लंडहून येई. याचे नेहमीचे उत्तर ‘इंग्रजांनी लुटले’ एवढ्यावर संपते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर कापसाच्या तंतूच्या लांबीत सापडते.

आधी कोट पाहू. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्या काळच्या शिक्षित पुरुषाचा, विशेषतः वकिलाचा वेश साधारण ठरलेला होता: धोतर किंवा पाटलोण, डोक्याला पगडी वा पागोटे, आणि अंगात बंद गळ्याचा लांब कोट. हा कोट पुष्कळदा अल्पाकाचा असे. म्हणून नाटकात किंवा मालिकेत १८९७ ची अमरावती दाखवताना सगळ्या पुढाऱ्यांना सरसकट खादी चढवली जाते, ती कालविसंगती आहे. खादी हा राजकीय गणवेश झाला तो १९२० नंतर.

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील, लामाच्या जातीचा प्राणी. त्याच्या लोकरीला गिरणीत वळवण्याची युक्ती टायटस सॉल्ट या ब्रॅडफर्डच्या कारखानदाराने यशस्वी केली. त्याची सॉल्टेअर येथील प्रचंड गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली. वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला तोही १८५३ मध्येच. हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवण्याजोगा. अल्पाकाचे कापड हलके, तकतकीत, धूळ न धरणारे. अकोल्याच्या उन्हात सर्ज किंवा ट्वीडपेक्षा कितीतरी सुसह्य. त्यातही गंमत अशी की या कापडाचा बाणा अल्पाकाचा असला तरी ताणा बहुधा सुताचा असे. म्हणजे वकिलाच्या अंगावर कापूस होताच. फक्त तो वऱ्हाडचा असण्याची शक्यता फार थोडी.

कारण ताण्याला बारीक आणि बळकट सूत लागते, आणि तसे सूत लांब तंतूतूनच निघते. सुताचा नंबर मोजण्याची इंग्रजी रीत सोपी आहे: ८४० वारांची एक लड, अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरते, तो त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. उमरा कापसाचा तंतू आखूड, एक इंचही न भरणारा. त्यातून विसाच्या आतबाहेरचे सूत निघे. त्यापुढे धागा तुटू लागे. तलम शर्टिंगला लागणारे चाळीस-साठ नंबरचे सूत अमेरिकी किंवा मिसरी कापसातून कातले जाई.

वऱ्हाडात चांगला कापूस कधी पिकतच नव्हता, असे मात्र नाही. ‘बनी’ नावाचा वाण मऊ, रेशमासारखा आणि त्यातल्या त्यात लांब तंतूचा होता. त्याला मागे सारले ‘जरी’ या जाड्याभरड्या वाणाने. जरी लवकर येई, जास्त पिके आणि सरकी काढल्यावर रुईचा उतारा अधिक देई. व्यापारी दोहोंच्या भावात पुरेसा फरक करीत नसतील, तर शेतकऱ्याने बनी का पेरावा? ज्याला पुढे ‘अधोगती’ म्हटले गेले, तो शेतकऱ्याचा साधा, बरोबर हिशेब होता.

विणकरांची गोष्ट निराळी. बाळापूर पगड्यांसाठी आणि अकोट सतरंज्यांसाठी नावाजलेले; शेजारच्या नागपूर-उमरेडकडची रेशीमकाठी धोतरे प्रसिद्ध. म्हणजे आखूड तंतूतूनही जाणता हात उत्तम काम काढू शकत होता. पण १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने हेतू लपवला नाही. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागे पडेल, घरात कातला जाणारा कापूस निर्यातीस सुटेल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, अशी आशा त्याने सरकारी अहवालात व्यक्त केली. १८७० मध्ये खामगावचा रेल्वेफाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला होता. एका कापूसबाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजाराची किंमत कळते.

पुढे नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७), मग बडनेरा, अचलपूर, अकोला येथे गिरण्या उभ्या राहिल्या. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्यांची नावे जुन्या अकोलेकरांच्या तोंडी आजही आहेत. पण कोटाला लागते ते लोकरीचे वळण. ओलसर लोकरीवर गरम इस्त्री फिरवून शिंपी तिला आकसवतो, ताणतो. छातीला फुगवटा आणि खांद्याला गोलाई आणतो. सुती कापड असे वळत नाही. त्याला आकार द्यायचा तो कापणीने आणि शिवणीनेच. त्यामुळे भारी कोटात जाड सुती कापडाला जागा मिळाली ती आत: अस्तरात, खिशाच्या पिशवीत, कॉलरच्या भरावात.

आखूड तंतूला बाहेरची, दर्शनी जागा मिळवून दिली ती खादीने. हातसूत मुळातच जाडे, आणि देशी कापूस त्याला पुरेसा. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या पिढीत जाडेभरडे कापड अंगावर वागवणे ही प्रतिष्ठा झाली. आज जुन्या धर्तीचा बंद गळ्याचा कोट शिवून घेणाऱ्याला वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जाड खादीइतके प्रामाणिक कापड दुसरे नाही. मात्र ते कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून, आकसू देऊन घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या मनगट सोडून वर जातात. आणि १८९७ चाच वेश हवा असेल, तर खादी नको; काळे, हलके, किंचित तकतकीत लोकरी कापड शोधावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. संकरित वाण आले, पुढे बीटी आले. आज वऱ्हाडात पिकणाऱ्या बहुतेक कापसाचा तंतू लांब आहे. ज्या सुतासाठी एके काळी मिसरकडे पाहावे लागे, त्याच्या बरेच जवळ जाणारा. पण हा तंतू मिळाला तोवर अकोल्याच्या गिरण्यांचे भोंगे थांबत चालले होते.

अमरावतीजवळ नांदगाव पेठेत आज रेमंडचा लिननचा कारखाना आहे. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातील तंतूचे कापड. विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या पिकते, पण ते तेलासाठी आणि चटणीसाठी. तेलाच्या वाणाचे झाड बुटके, फांद्या फुटणारे. लिननला हवा तसा लांब तंतू त्यातून निघत नाही. भारतातल्या लिनन गिरण्यांना तो युरोपातून आणावा लागतो.