कॉफीवरचा खटला

घरात कोणी साठी ओलांडली की सल्ले सुरू होतात. त्यांतला एक ठरलेला : “आता कॉफी सोडा, काळजाला बरी नव्हे.” उलट, कॉफीने आयुष्य वाढते असे सांगणारेही अलीकडे भेटतात. म्हाताऱ्या माणसाने ऐकायचे तरी कोणाचे? श्रोते हो, हा वाद आजचा नाही. कॉफीवर पाचशे वर्षे खटला चालू आहे, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पहिली सुनावणी १५११ साली मक्केत झाली. रात्री लोक जमून कॉफी पितात हे पाहून तिथला अधिकारी खैर बेग याला संशय आला. त्याने धर्मशास्त्री आणि वैद्य बोलावले. हे पेय प्रकृतीला घातक आहे, अशी साक्ष वैद्यांनी दिली. झाले! बंदी आली, कॉफी जाळण्यात आली. पुढे कैरोहून सुलतानाचा हुकूम आला आणि पिण्यावरची बंदी काही टिकली नाही. १६७५ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानेही कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला व ओरड होताच थोड्याच दिवसांत मागे घेतला. तिथे लोक राज्यकारभारावर बोलत, हे त्याचे खरे दुखणे. म्हणजे बघा, भीती होती जमावाची आणि पिंजऱ्यात उभी केली कॉफी!

१८१९ च्या सुमारास रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे काढले. त्या बिया त्याला दिल्या होत्या महाकवी गटे याने. तरतरी कशाने येते ते कळले, पण निवाडा बाकीच राहिला.

विसाव्या शतकात मोजदाद सुरू झाली. १९८१ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी कॉफीचा संबंध स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी जोडला. मोठी खळबळ उडाली, परंतु पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत संशयितांच्या यादीत घातले आणि २०१६ मध्ये त्या यादीतून काढलेही.

मग घोटाळा होत होता कुठे? ते २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नीट दिसते. ५० ते ७१ वयाच्या सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांची त्यात बारा-तेरा वर्षे नोंद ठेवली होती. नुसते वय धरून मोजले तेव्हा कॉफी पिणारेच अधिक दगावलेले दिसले. पण कॉफी पिणाऱ्यांत विड्या-सिगारेटी ओढणारेही जास्त होते, बरं का! तो हिशेब वेगळा काढताच चित्र फिरले. रोज दोन-तीन कप घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १० आणि स्त्रियांत १३ टक्क्यांनी कमी भरले. गुन्हा तंबाखूचा, नाव कॉफीचे!

पण म्हणून कॉफीला औषध समजू नये. तब्येत बिघडली की माणूस आपणच कॉफी कमी करतो. तेव्हा कॉफीमुळे माणसे निरोगी राहिली, की निरोगी होती म्हणून कॉफी पीत राहिली, हे अशा मोजदादीने सिद्ध होत नाही.

वडीलधाऱ्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच : बेताने घेतलेल्या कॉफीला भिऊ नये, मात्र काही पथ्ये पाळावीत. प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरात साधारण पाच तास राहते. म्हातारपणी झोप आधीच सावध, म्हणून संध्याकाळचा कप टाळावा. कॉफी जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातले लोह अंगी कमी लागते. दोहोंत अंतर ठेवावे. पूड उकळून केलेली कॉफी रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते, हे नॉर्वे आणि फिनलंडच्या अभ्यासकांना १९८० नंतरच्या दशकात आढळले. कागदी गाळणीने तो दोष पुष्कळसा जातो. फार कढतही पिऊ नये. छातीत धडधड होत असेल किंवा रोजची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारावे.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. हा खटला वर्गात जरूर मांडा. दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मुलांना यातून चटकन समजेल; आणि घरी जाऊन आजोबांचा कप हिसकावण्यापूर्वी ती आजोबांच्या विडीकडेही पाहतील.