मग पुढे काय?

परवा भाच्याशी फोनवर गप्पा चालल्या होत्या. हा पुण्यात अकरावीत आहे आणि एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, परमभक्त आहे. सामने भारतात पहाटे दिसतात. (ताई, तू हे वाचत असशील तर तुझा मुलगा पहाटे साडेपाचला अभ्यासाला उठत नाही, हे तुला आत्ता कळलं. माफ कर रे बाबा!) मी सहज विचारलं, "प्लेऑफची पहिली फेरी बघतोस की नाही?"

"छे रे मामा. पहिली फेरी म्हणजे मोठ्या टीमची नेट प्रॅक्टिस. पहिल्या नंबरवाले आठव्या नंबरवाल्यांना धुतात. आणि चुकून आठवा जिंकलाच, तरी पुढच्या फेरीत मार खातो. मग उपयोग काय?"

हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता. तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून आज हे जरा लांबलचक लिहितोय.

ज्या नातेवाइकांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एनबीएत प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. मग पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांतून आठ-आठ संघ बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात. ही सोळा संघांची पद्धत १९८४ साली सुरू झाली. पहिल्या फेरीत गटातल्या पहिल्याची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, अशा जोड्या. म्हणजे वर्षभर जो सर्वांत चांगला खेळला त्याला सर्वांत लिंबूटिंबू भिडू मिळणार. बक्षीसच म्हणा ना. तेव्हा पहिली फेरी पाच सामन्यांची असायची, तीन जिंकणारा पुढे. १९८४ ते १९९३ या दहा वर्षांत पहिला विरुद्ध आठवा अशा वीस मालिका झाल्या आणि वीसच्या वीस पहिल्यानेच जिंकल्या. भाच्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं तर!

मी डेन्व्हरला आलो ऑगस्ट १९९३ मध्ये, एमएस करायला. तळघरातली एक खोली, दोन पातेली, आणि कपडे धुवायला दर शनिवारी चार चौक पलीकडचं, मशीनमध्ये नाणी टाकायचं लाँड्रीचं दुकान. तिथे कोपऱ्यात वर टांगलेला एक टीव्ही होता. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की शाळेच्या मैदानात बिनजाळीची एक रिंग होती आणि आम्ही तिच्याखाली क्रिकेट खेळायचो.

शनिवार, ७ मे १९९४. दुकानात पाच-सहा जण होते आणि कपडे वाळून गेले तरी कोणी हलत नव्हतं. डेन्व्हर नगेट्स आणि सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स यांचा पाचवा सामना सिअ‍ॅटलला चालू होता. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी मला सगळं समजावून सांगितलं. न विचारता, आणि अगदी आपल्याकडे एसटीत शेजारचा माणूस सांगतो तसं.

सिअ‍ॅटल त्या वर्षी ६३ सामने जिंकलं होतं. साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. गॅरी पेटन, शॉन केम्प, डेटलेफ श्रेम्फ असे एकेक खेळाडू, प्रशिक्षक जॉर्ज कार्ल. शिवाय मायकेल जॉर्डन आदल्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झालेला, म्हणजे मैदान मोकळं. आणि डेन्व्हर? ४२ विजय, ४० पराभव. काठावर पास. तीनच वर्षांपूर्वी हा संघ ८२ पैकी जेमतेम २० सामने जिंकला होता. त्यानंतर १९९१ साली त्यांनी डिकेम्बे मुटोम्बो नावाचा सात फूट दोन इंचांचा माणूस घेतला. किन्शासाचा हा मुलगा अमेरिकेत आला होता डॉक्टर व्हायला, शिष्यवृत्तीवर. जॉर्जटाऊन विद्यापीठात त्याची उंची पाहून त्याला मैदानावर ओढलं आणि डॉक्टरकी राहिली.

मालिकेचा पहिला सामना सिअ‍ॅटलने २४ गुणांनी जिंकला, दुसरा १० गुणांनी. म्हणजे आणखी एक हरला की डेन्व्हर घरी. पुढचे दोन सामने डेन्व्हरला होते. तिसरा नगेट्सनी ११०-९३ असा जिंकला. चौथा बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला आणि तोही जिंकला. आता पाचवा, पुन्हा सिअ‍ॅटलच्या घरच्या कोर्टवर.

तोही जादा वेळेत गेला. रॉबर्ट पॅक नावाचा बुटकासा (म्हणजे सहा फूट दोन इंच!) राखीव खेळाडू २३ गुण करून बसला. ब्रायन विल्यम्सने १९ रिबाउंड घेतले. आणि मुटोम्बो बास्केटखाली पिंपळासारखा उभा. जो चेंडू येईल तो हाताने झिडकारायचा. त्या सामन्यात त्याने आठ फटके अडवले, पाच सामन्यांत मिळून एकतीस. डेन्व्हर ९८, सिअ‍ॅटल ९४. शेवटचा रिबाउंड मुटोम्बोच्या हातात आला, शिट्टी वाजली, आणि तो तिथेच कोर्टवर उताणा झाला. दोन्ही हातांनी चेंडू डोक्याच्या वर घट्ट धरलेला, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी त्या आधी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आईच्या चेहऱ्यावर असतं ना, तसं काहीतरी.

लाँड्रीत सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मलाही मारली. डेन्व्हरमध्ये त्या नऊ महिन्यांत मला कोणी मारलेली ती पहिलीच मिठी.

मी खोलीवर आलो आणि सरळ सांगलीला फोन लावला. तेव्हा मिनिटाला दीड-दोन डॉलर लागायचे, म्हणून फोन महिन्यातून एकदाच, तोही कागदावर मुद्दे लिहून. बाबा हायस्कूलवर गणित शिकवायचे. एवढ्या अवेळी फोन म्हणजे काहीतरी वाईट बातमी, म्हणून ते घाबरले. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते म्हणाले,

"बरं. मग कप मिळाला?"

"नाही बाबा, ही पहिलीच फेरी. अजून तीन आहेत."

"मग पुढे काय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दहावीला बोर्डात नंबर थोडक्यात हुकला तेव्हा, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा, व्हिसा मिळाला तेव्हाही, "छान. मग पुढे काय?" त्यात रागावणं नव्हतं. एक पायरी झाली की दुसरी, असा त्यांचा साधा हिशेब. मी गप्प बसलो. सहा-सात डॉलर झाले होते.

पुढे जे झालं ते बाबांच्याच बाजूचं. दुसऱ्या फेरीत नगेट्स युटा जॅझविरुद्ध पहिले तीन सामने हरले, मग तीन जिंकले (काय ती जिद्द!), आणि सातवा हरले. कप घ्यायला तेव्हा पंधरा विजय लागत. त्यांच्या पदरात सहा पडले. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत तिन्ही सामने हरून बाहेर. त्यानंतर २००४ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. १९९७-९८ च्या हंगामात तर ८२ पैकी फक्त ११ सामने जिंकले.

माणसंही पांगली. महमूद अब्दुल-रौफने १९९६ साली राष्ट्रगीताला उभं राहायला नकार दिला, लीगने त्याला एका सामन्यासाठी निलंबित केलं, आणि त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं. लाफॉन्सो एलिसला गुडघ्यांनी छळलं. ब्रायन विल्यम्सने नंतर बायसन डेले असं नाव घेतलं, तिशीतच खेळ सोडला आणि २००२ साली ताहितीजवळच्या समुद्रात बोटीवरून बेपत्ता झाला. हरलेल्या सिअ‍ॅटलचं काय? १९९५ साली पुन्हा पहिल्याच फेरीत बाद, १९९६ ला मात्र थेट अंतिम फेरी, तिथे परत आलेल्या जॉर्डनकडून पराभव. आणि २००८ साली तो अख्खा संघच उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला.

पहिल्या फेरीचं गणितही लीगने बदललं. २००३ पासून ती सात सामन्यांची झाली. जादा सामने म्हणजे जादा तिकिटं आणि टीव्हीचा जादा पैसा, हे उघड आहे. पण त्याने दुबळ्याचं काय होतं, ते बाबांनी फळ्यावर मांडलं असतं. समजा तगडा संघ प्रत्येक सामना दहापैकी सात वेळा जिंकतो. मग एकाच सामन्याची फेरी असेल तर दुबळ्याला शंभरात तीस संधी. पाचांची असेल तर सोळा. सातांची असेल तर साडेबाराच्या आसपास. सामने वाढले की दैवाला वाव कमी होतो. आणि ०-२ असं मागे पडल्यावर सलग तीन जिंकण्याची संधी शंभरात तीनसुद्धा नाही. त्या शनिवारी मी जे पाहिलं ते इतकं दुर्मीळ होतं.

तरी ते पुन्हा घडलं. १९९९ साली न्यूयॉर्कने मायामीला हरवलं, अ‍ॅलन ह्यूस्टनचा शेवटचा फटका रिंगवर उडून आत पडला तेव्हा घड्याळात ०.८ सेकंद उरले होते. २००७ साली गोल्डन स्टेटने ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला घरी पाठवलं. गंमत म्हणजे त्यांचाही हिशेब ४२-४०, आणि त्यांनाही दुसऱ्या फेरीत युटानेच संपवलं! मग २०११ ला मेम्फिस, २०१२ ला फिलाडेल्फिया, २०२३ ला मायामी. आठव्या क्रमांकाच्या या सहा संघांपैकी दोघांनी अंतिम फेरी गाठली. कप एकालाही नाही.

म्हणजे भाचा बरोबर, बाबाही बरोबर. उपयोग शून्य.

आता मुटोम्बोचं बघा. अठरा हंगाम खेळला, दोनदा अंतिम फेरीत पोचला, विजेतेपद एकदाही नाही. २००९ साली पहिल्याच फेरीत पोर्टलंडविरुद्ध गुडघा गेला आणि बेचाळिसाव्या वर्षी कारकीर्द तिथेच संपली. त्याच्या आईला १९९७ साली किन्शासात अशांततेमुळे रस्ते बंद असल्याने दवाखान्यात नेता आलं नाही आणि ती घरीच गेली. त्याने तिच्या नावाने तिथे तीनशे खाटांचं रुग्णालय उभारलं, २००७ साली ते सुरू झालं. डॉक्टर व्हायचं राहिलं ते असं फेडलं. ३० सप्टेंबर २०२४ ला मेंदूच्या कॅन्सरने तो वारला तेव्हा मी दिवसभर बातम्या बघत होतो. अठरा वर्षांच्या खेळातलं कोणतं दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते, सांगा? तेच. उताणा पडलेला माणूस आणि चेंडू. पहिली फेरी, १९९४.

त्या हसण्यात 'पुढे काय' नव्हतं. युटा नव्हतं, गुडघा नव्हता, काही नव्हतं. तेवढंच पुरेसं होतं.

मला हे समजायला वेळ लागला, आणि त्याची किंमतही पडली. त्या फोननंतर मी ठरवलं होतं की डिग्री झाली की सांगलीला जाऊन यायचं. डिग्री झाली. मग म्हटलं आधी नोकरी मिळू दे. नोकरी मिळाली. मग म्हटलं व्हिसाचे कागद होऊ देत. बाबांचंच वाक्य मी त्यांच्यापेक्षा निष्ठेने पाळत होतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये बाबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आईने सांगितलं, त्या रात्री फोन ठेवल्यावर ते तिला म्हणाले होते, "पोरगं खूश होतं गं." मला मात्र 'मग पुढे काय' तेवढंच ऐकू आलं होतं.

१२ जून २०२३ ला डेन्व्हर नगेट्सनी पहिल्यांदा एनबीएचं विजेतेपद जिंकलं. अंतिम फेरीत समोर कोण होतं? आठव्या क्रमांकाचं मायामी! गावात रात्रभर हॉर्न वाजत होते. बायकोने विचारलं, एवढा गप्प का? मी मनातल्या मनात सांगलीला फोन लावत होतो. बाबा, कप मिळाला. एकोणतीस वर्षं लागली. आणि खरं सांगू का, आनंद झाला, पण लाँड्रीतल्या इतका नाही.

असो. भाच्याला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. त्याला फक्त मुटोम्बोची ती अर्ध्या मिनिटाची क्लिप पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "मामा, हा माणूस फायनल जिंकला का?"

मी लिहिलं, "नाही. पहिली फेरी."

बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "उद्या पहाटे उठतो."

(ताई, परत एकदा सॉरी.)